आत्याचे पक्षी

घराबाहेर पडताना आत्या भिंतीवरची सगळी बटणं बंद करते. फ्रिजच तेवढा तिच्या तावडीतून सुटला आहे. काल संगणकावर नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बसत होता आणि ती भाजी आणायला निघाली. बटण बंद! तेव्हापासून संगणक सुरू होताना एकाच ओळीवर अडत होता.

आत तिने टिपलेले पक्ष्यांचे आवाज होते. ज्या रानात टिपले, तिथे आता इमारती आहेत. दुसरी प्रत नव्हती.

"शास्त्रज्ञबाई, वाचतील ना माझे पक्षी?" आत्याने मला विचारलं.

"बघते."

मेनूतून जुना कर्नल निवडला. तोही तिथेच अडला. हे मला पटेना. जुन्याला काहीच झालेलं नव्हतं. शेवटी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि आधी चहा घेतला.

आत्या रंगात आली. "एकदा पहाटे झुडपात बसून मी शीळ घातली. पलीकडून पक्ष्याने उत्तर दिलं. तासभर आमची जुगलबंदी! मग पलीकडच्या झुडपातून माइक घेऊन एक गृहस्थ उठले."

आम्ही खूप हसलो. डिस्क उचलली, तर ती कोमट होती. उन्हामुळे असेल, म्हटलं. टेबलावर ऊन नव्हतं.

लॅपटॉपला जोडून पक्ष्यांची प्रत काढली. डिस्क परत बसवली, पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं आणि नव्या कर्नलचं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. संगणक निमूट सुरू झाला. आत्याने टाळ्या वाजवल्या.

पक्ष्यांच्या शेवटी आजच्या तारखेची एक फाइल होती. आत्याने ती लावली.

कपबशीचा आवाज. झुडूप, शीळ, गृहस्थ.

"अगं, आपलं बोलणं कधी टिपलंस?"

मी टिपलं नव्हतं. माइक खणात होता. डिस्क तेव्हा टेबलावर सुटी पडली होती.

मग हसणं. आत्याचं खळखळून.

माझं, नाकातून.

आणि आणखी एक. अगदी जवळून, दम लागेपर्यंत.

"बघ, किती रंगला माझा किस्सा!" आत्या खूश होती.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. तिने सगळी बटणं बंद केली, संगणकाचं सोडून. दारातून रिकाम्या खोलीकडे वळून म्हणाली, "येतो हं."

क्षणभर थांबली. मग मान डोलावली, हसली आणि दार ओढून घेतलं.