सीटखालचं मीठ

एअरबॅगचा लाल दिवा विझल्याशिवाय डीनला त्या गाडीत बसवायचं नाही, असं जेनिसने जाहीर करून आठवडा होत आला होता. तिच्या नवऱ्याचं, केनेथचं म्हणणं, जुनी गाडी आहे, दिवे लागणारच. माणसाचे नाही का गुडघे दुखत? पण जेनिस बीएस्सी झालेली, वर तीन वर्षांच्या मुलाची आई. एअरबॅगबद्दल तिने वाचलं नाही असं इंटरनेटवर काही उरलं नव्हतं.

शेवटी शनिवारी सकाळी, आखातात, खलिफा सिटीतल्या व्हिलाच्या भिंतीच्या सावलीत, केनेथने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली डोकं घातलं. ती सीट कायम रिकामी. जेनिस मागे डीनजवळ बसायची, आणि सिग्नलवर लोक केनेथला टॅक्सीवाला समजायचे.

"हा बघ पिवळा कनेक्टर. आणि हे काय गं... मीठ?"

पिनांवर हिरवट थर चढला होता. खाली कार्पेटभर मिठाचे खडे.

"मम्मी!" दोघं एकदम म्हणाले.

केनेथच्या आईने, ब्रिजिटने, वसईला परत जाण्याआधी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. शिंपडलं कसलं, ओतलं होतं. आणि फादरकडून आशीर्वाद घेतलेलं मीठ नेमकं या एकाच सीटखाली.

जेनिसने स्प्रे मारला, डीनच्या जुन्या टूथब्रशने एकेक पिन घासली, कोरडी केली. मीठ व्हॅक्यूमने ओढून घेतलं. कनेक्टर टक् करून बसला. केनेथने वायर जोडून गाडी सुरू केली. लाल दिवा लागला, आणि विझला.

"खलास! डॉक्टर केनेथ म्हण आता."

जेनिसने डीनला मागे त्याच्या सीटमध्ये बांधलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर दुसराच दिवा लागला. टिंग. टिंग. टिंग.

"पुढे बेल्ट लावायला सांगतेय गाडी," केनेथ म्हणाला. "सीटवर वजन असलं की वाजतं."

"कसलं वजन?"

"धुळीचं असेल."

त्याचं त्यालाच ते पटलं नाही. त्याने कनेक्टर काढून पुन्हा बसवला. टिंग. टिंग.

जेनिसने वसईला फोन लावला. "मम्मी, ते सीटखालचं मीठ आम्ही काढलं. वायरी खराब झाल्या होत्या."

"सगळं?"

"व्हॅक्यूमने."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ब्रिजिट हळूच म्हणाली, "बाय, मी महिनाभर कधी पुढे बसले का?"

"पुढे एसी अंगावर येतो म्हणून ना?"

"एसी कसला! मला आधी वाटलं, तुमच्या ओळखीचं आहे कोणी."

फोन स्पीकरवर होता. केनेथ मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

"यल्ला, चल, लाव बेल्ट. आवाज तरी बंद होईल."

जेनिस पुढच्या दाराशी गेली. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला, बकल लावलं.

टिंग थांबलं.

"मम्मा, कॅन वी गो नाऊ?" मागून डीन.

डीनचा बेल्ट लावला की पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायची, तिची रोजची सवय. हात आपसूक याही पट्ट्याखाली गेला.

बोटं जेमतेम शिरली.

पट्टा बोटांवर हळूच आवळला. सैल झाला.

पुन्हा आवळला.