पावसाआधी की पावसानंतर?

नदीकाठच्या बेलेम शहरात भेटीसाठी कुणी कुणाला घड्याळाची वेळ देत नाही. दुपारी पाऊस येणार हे ठरलेलंच, म्हणून भेटायचं ते पावसाआधी किंवा पावसानंतर. जासिरा कायमची पावसानंतरवाली. तिच्या डोक्यावर केसांचा टोप होता आणि तो भिजून चालत नसे.

त्या दिवशी मात्र पावसाने तिला वाटेतच गाठलं. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून ती फळ्यांच्या पुलावरून जवळजवळ धावत सुटली आणि वस्तीच्या मंडळाच्या छपराखाली शिरली.

"या, आत या. छप्पर गळतं, पण बाहेरच्यापेक्षा कमी."

ती थबकली. हा आवाज…! खांबांवरच्या भोंग्यांतून रोज संध्याकाळी हाच आवाज वस्तीभर फिरायचा. कुणाचा वाढदिवस, कुणाचं हरवलेलं बदक, माशांचा भाव. आणि सुरुवातीला नेहमीचं, "शुभ संध्याकाळ, मंडळी." त्या आवाजाला चेहरा असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. चेहरा होता, आणि बरा होता. गालावर शाईचा डाग होता, तोही बरा दिसत होता.

"पिशवी काढा की आता."

"असू दे."

"बरं, असू दे. शोभते तुम्हाला."

तिने खाली बघितलं. ओठ मात्र ऐकेनात, जरासे हललेच.

"तुम्ही… भोंगेवाले ना?"

"ओझिएल. भोंगा संध्याकाळचा. दुपारी इथे लोकांचे सरकारी अर्ज लिहून देतो. मिळत कशातच काही नाही, पण बडबडायला मिळतं."

जासिरा कुणाला आपलं काही सांगणाऱ्यातली नव्हती. पण आवाज ओळखीचा होता, पाऊस थांबत नव्हता… आणि ती बोलून गेली. लहानपणी बापाच्या होडीत पाणी उपसायला वाकली होती. मोकळे केस इंजिनाच्या फिरत्या दांड्यात सापडले. डोक्याची कातडी गेली, एक कान गेला. नदीकाठच्या किती पोरींचं असं होतं, त्यामुळे ओझिएलला अधिक सांगावं लागलं नाही. शहरात उपचाराला आली ती मावशीकडे राहिली, आणि मावशी गेल्यावर एकटीच. घरी बसून टोप विणायची. पण डोकं ठणकायला लागलं की दिवस दिवस अंधारात पडून राहावं लागे. ऊन सोसत नसे, त्यामुळे बाहेरची नोकरी टिकली नाही. अपंगांचा भत्ता मिळाला नाही तर खोली सोडून बेटावरच्या घरी परतावं लागणार होतं. आणि घरी जायला होडीशिवाय वाट नव्हती. उपचाराला शहरात आणलं, त्यानंतर तिने होडीत पाय ठेवला नव्हता.

"अर्ज केला होता. नामंजूर झाला. डॉक्टर म्हणाले, काम करण्याजोगी आहे."

"डॉक्टरांकडे जाताना काय घातलं होतंत?"

प्रश्न विचित्रच. "निळा झगा. शेजारच्या दोना लिंदाल्वांनी मोत्यांचा सर दिला, पावडर लावून दिली. आणि… हा टोप. माझा सगळ्यात चांगला."

"डॉक्टरांनी विचारलं असेल, कसं चाललंय?"

"म्हटलं, देवाच्या कृपेने छान."

ओझिएलने कपाळाला हात लावला. "अहो, सगळी वस्ती हेच करते. सरकारकडे जायचं म्हटलं की चर्चमध्ये मिस्साला निघाल्यासारखी नटते. म्हातारा झेफेरिनो तर कुबडी दाराबाहेर ठेवून आत गेला, का तर डॉक्टरांना वाईट वाटायला नको."

जासिरा हसली. खळखळून, स्वतःलाच नवल वाटावं इतकी.

"पुन्हा अर्ज करू," तो म्हणाला. "फक्त या खेपेला टोप काढावा लागेल."

हसू मावळलं. "ते नाही जमायचं." आणि पाऊस पुरता थांबायच्या आत ती निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी पावसानंतर ती परत आली. अर्ज करायचा नाही, एवढंच सांगायला आली होती म्हणे. हे सांगायला घटकाभरही लागू नये, पण दिवेलागणीपर्यंत ती तिथेच होती. मग हे रोजचंच झालं. लोकांचे अर्ज आटोपले की दोघं कोपऱ्यावर ताकाका प्यायला जायची. तो गरम आंबट रस पिताना जीभ बधिर होते, आणि ओझिएल तेवढाच वेळ काय तो गप्प बसायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. टोपाचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

"तुझी बडबड ऐकून लोक कंटाळत नाहीत?" तिने एकदा चिडवलं.

"कोण ऐकतंय? भोंगा लागला की लोक टीव्ही मोठा करतात."

"मी ऐकते." ती वाटीत बघत म्हणाली. "तू शुभ संध्याकाळ म्हणतोस ना… मी उत्तर देते. मोठ्यांदा. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलायचं."

बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओझिएल काहीच बोलला नाही. ताकाका तर केव्हाच संपला होता.

त्या संध्याकाळी भोंगे खरखरले. "शुभ संध्याकाळ, मंडळी…" आणि पुढे काहीच नाही. फक्त खरखर.

"बिघडलं वाटतं मेलं," पलीकडून दोना लिंदाल्वा म्हणाल्या.

जासिरा खिडकीत उभी होती. "शुभ संध्याकाळ, ओझिएल," ती हळूच म्हणाली. भोंग्यात कुणीतरी श्वास घेतला आणि माशांचे भाव सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. लोकांनी मंडळाकडे तक्रार केली. दुरुस्तीवाला आला, यंत्र उघडून बघितलं आणि मान हलवत गेला. इतक्या वर्षांच्या एकटेपणात कुणी तिच्या उत्तरासाठी थांबलं नव्हतं. त्या आठवड्यात तिने ओझिएलपुढे कागद सरकवला. "लिही अर्ज."

तपासणीच्या दिवशी तो तिच्याबरोबर बसने गेला आणि दाराबाहेर थांबला. आत नव्या डॉक्टरीणबाई होत्या. "कसं चाललंय?" त्यांनी विचारलं. 'छान' हा शब्द जासिराच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला, टोप उतरवून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बरं चाललेलं नाही." मग सगळं सांगितलं. भत्ता पुढे यथावकाश मंजूर झाला, खोलीही राहिली. पण खरी गोष्ट दाराबाहेर घडली.

ती बाहेर आली. टोप घाईघाईने पुन्हा चढवलेला होता. ओझिएलने तिच्याकडे पाहिलं आणि तो घुटमळला.

"जासिरा… टोप वाकडा बसलाय. सरळ करू?"

त्या अपघातानंतर तिच्या डोक्याला डॉक्टरांखेरीज कुणाचाच हात लागला नव्हता. ती काही बोलायच्या आत आभाळ कोसळलं. पिशवी शोधली, तर ती आतच राहिलेली. बसथांबा रस्त्यापलीकडे.

"थांबू या," तो म्हणाला. "पावसानंतर जाऊ. नेहमीसारखं."

जासिराने पावसाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी टोप उतरवला आणि त्याच्या हातात दिला. "हा सांभाळ. भिजवलास तर खबरदार."

ओझिएल तिच्याकडे बघत राहिला. नजर वळवली नाही, कीवही दाखवली नाही. शर्टाची बटणं काढून त्याने टोप मांजराच्या पिलासारखा आत घेतला आणि वरून हात ठेवला. ती पायरी उतरली. पावसाचं पाणी तिच्या उघड्या डोक्यावर, जुन्या व्रणांवर पडलं. गार होतं. इतक्या वर्षांत ती ते विसरूनच गेली होती. ती रडत होती की पाऊस होता, सांगता आलं नसतं.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. "एरवी तोंड मिटत नाही तुझं."

"काय बोलू… आवडतेस मला, एवढंच येतंय."

तिने त्याचा मोकळा हात धरला. बस आली आणि गेली.

"उद्या येऊ?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. "पावसानंतर?"

"नको," जासिरा म्हणाली. "पावसातच ये."