हंड्याच्या खांद्यावरचं टेंगूळ

नव्या हंड्यात पहिलं गाळप व्हायचं होतं त्या दिवशी टॉर्किल मॅकफेल जेवण उरकून जरा लवकरच भट्टीकडे निघाला. जानेवारी महिना. तीन वाजले नाहीत तोच खोऱ्यात अंधारून आलं होतं, आणि स्कॉटलंडातल्या स्पे नदीवरून चढलेल्या धुक्यात भट्टीचं धुराडंही दिसेनासं झालं होतं. नोकरीचा हा त्याचा शेवटचा आठवडा. चाळीस वर्षं व्हिस्की गाळून झाली. आता सगळं पुतण्याच्या, फिन्लेच्या हवाली करायचं आणि घरच्या चार मेंढ्या राखत बसायचं, एवढंच उरलं होतं.

फिन्ले आधीच येऊन हंड्याभोवती घिरट्या घालत होता. खोलीएवढा तो तांब्याचा हंडा कंदिलाच्या उजेडात लखलखत होता.

"काका, बघा तरी! डोळे दिपतात."

"दिपू दे. म्हातारीलाच पावडर फासलीय," टॉर्किल म्हणाला.

ते खरंच होतं. या धंद्यातल्या माणसांची खोडच तशी. जुना हंडा झिजला की नवा करताना त्याच्या अंगावरचा एकेक पोचा तसाच्या तसा ठोकून घ्यायचा, नाहीतर म्हणे चव बदलते. मॅनेजर डनबारसाहेब तर छताची कोळिष्टकंही झाडू देत नसत. तांबटानं जुन्या हंड्यावरचे सतरा पोचे इमानेइतबारे उतरवले होते. अठरावी खूण तेवढी सोडली होती. ती सोडावी म्हणून टॉर्किलनं त्याचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. ही खूण म्हणजे पोचा नव्हता. हंड्याच्या खांद्यावर आतून बाहेर आलेलं टेंगूळ होतं ते.

त्या टेंगळाची हकिकत खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे टॉर्किलनं सांगितली तेवढी. हंडा घासायला माणूस आत उतरतो. मग दार लावलं की बाहेरच्यानं दोरीला टांगलेला लाकडी गोळा हंड्यावर तीनदा आपटायचा. चुकून कुणी आत राहिलं असेल तर तो आतून तीनदा ठोकतो. उत्तर आलं नाही, तरच जवाच्या कढत आंबवणाचा नळ सोडायचा. सव्वीस वर्षांपूर्वी टॉर्किलचा धाकटा भाऊ लॅक्लन आत असताना नळ सुटला. नळ बंद होईपर्यंत आतून त्यानं जे ठोके मारले, त्यांचं ते टेंगूळ. "मी तीनदा ठोकलं होतं. उत्तर आलं नाही," टॉर्किलनं सांगितलं. तेव्हा कामावर रोज पेला-दोन पेले फुकट मिळत. लॅक्लन पिऊन आत झोपला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्याची बायको मोराग बेवड्याची विधवा म्हणून जगली आणि तशीच मेली. फिन्ले बेवड्याचा पोर म्हणून वाढला. आज तो व्हिस्की गाळतो, पण थेंब जिभेला लावत नाही.

"घासून झालंय, दारही लावलंय," फिन्ले म्हणाला. "ठोका काका. पहिला मान तुमचा."

टॉर्किलनं गोळा झुलवला. ठण्. ठण्. ठण्. आवाज छतापर्यंत गेला आणि हळूहळू विरला. त्यानं नळाच्या चाकाला हात घातला.

ठक्. ठक्. ठक्.

आतून. ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा दबका आवाज.

"कोण... कोण आहे आत?" टॉर्किल कुजबुजला.

"कुणी नाही. आपण दोघंच तर आहोत."

फिन्लेनं दार उघडून कंदील आत धरला. हंडा रिकामा होता. पण आतून वास येत होता, भिजलेल्या लोकरीचा. लॅक्लनच्या अंगात त्या दिवशी मोरागनं विणलेला लोकरीचा स्वेटर होता.

दार पुन्हा लावलं. टॉर्किलनं पुन्हा तीनदा ठोकलं. या खेपेला उत्तर तीन ठोक्यांवर थांबलं नाही. खांद्यापाशी, एकाच जागी, ठोके पडतच राहिले, भराभर... भराभर...

"बंद कर!" टॉर्किल कानांवर हात दाबून ओरडला. "ठोकलं नव्हतं मी! गावात शिंटीचा सामना होता, मला उशीर होत होता. दार लावलं आणि नळ सोडून दिला. तो प्यायला नव्हता, फिन्ले. थेंबही नाही..."

ठोके थांबले.

फिन्लेनं कंदील खाली ठेवला. त्याचा चेहरा जराही हलला नाही, आणि टॉर्किलला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आई असेपर्यंत तुम्ही दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात," तो म्हणाला. "ती तुमच्यासाठी सूप चुलीवर ठेवायची."

"पोरा..."

"माझा ब्रश आत राहिलाय. तेवढा काढून आणा."

"आत?"

"मी ठोकीन ना, काका. न ठोकता काही करणार नाही."

नाही म्हणायला टॉर्किलला तोंडच उरलं नव्हतं. तो वाकून आत शिरला. मागं दार लागलं. एकामागून एक चार बोल्ट आवळले गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. त्यानं तळ चाचपला. ब्रश नव्हताच.

तो ऐकत उभा राहिला. नळात काहीतरी गुरगुरलं... मग बाहेरून ठोके आले. ठण्. ठण्. ठण्.

आता उत्तर द्यायचं होतं. पण हात उचलवेना. शिशाचा झाला होता. आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला वाटलं, नकोच द्यायला.

त्याच क्षणी लोकरीचा ओला वास नाकात शिरला, आणि त्याच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी तीनदा ठोकलं.

बोल्ट भराभर सुटले आणि दार धाडकन उघडलं. फिन्ले रडत होता.

"बाहेर या... आधी बाहेर या."

"ठोकलंस तू," टॉर्किल धापा टाकत म्हणाला. "शब्द पाळलास."

"नाही पाळला. मी ठोकलंच नाही, काका. दोन्ही हात चाकावर होते माझे. फिरवणारच होतो... तेवढ्यात आतून उत्तर आलं."

दोघांनी वर पाहिलं. लाकडी गोळा दोरीला अजून झुलत होता.

त्या रविवारी चर्चच्या दारात टॉर्किलनं सगळ्या गावासमोर खरं काय ते सांगितलं. डनबारसाहेबांना मात्र पहिल्या गाळपाच्या चवीचंच कौतुक. जुनी चव तंतोतंत उतरली म्हणून त्यांनी हंड्यावरच्या खुणा मोजल्या, अठरा भरल्या, आणि तांबटाला शाबासकीचं पत्र धाडलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, की काहीतरी चुकतंय, मी सतराच केल्या होत्या.

आता गाळप फिन्लेच करतो. कामाला लागण्याआधी तो खांद्यावरच्या त्या टेंगळावर तळहात ठेवतो. हंडा दोन दिवस थंडगार पडून असला, तरी तेवढी जागा हाताला गरम लागते.