चौथं बटण

बुदाई बंदरातल्या जुन्या बर्फ कारखान्यात आता गावाचं छोटंसं संग्रहालय आहे. तिथल्या पडद्याखाली, संग्रहालय सांभाळणाऱ्या यू-फांगने चार जाडजूड बटणं बसवली होती, कारण कोळ्यांच्या राठ बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. बटण दाबलं की आत दिवा लागायचा आणि एकेका म्हाताऱ्या कोळ्याची फिल्म सुरू व्हायची. कुणी काही दाबलं नाही तर नुसता समुद्र. बटणं आणि पडदा यांच्यामध्ये काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिमुकला संगणकच. त्याचा प्रोग्रॅम यू-फांगने घरी, भात शिजेपर्यंतच्या वेळात शिकत शिकत लिहिला होता.

चौथं बटण सुई-ग्वानचं. फिल्ममध्ये तो दोराची गाठ मारून दाखवतो आणि शेवटी लाजून हसतो. फिल्म काढली त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याची होडी परत आली, तो आला नाही.

त्याची बायको चिन-हुआ मावशी रोज पडद्यासमोर येऊन बसायची. हल्ली ती बसली की बटणाला कुणी हात न लावता ती फिल्म सुरू व्हायची.

"जिवंत आहे तो," मावशी म्हणायची, आणि किनाऱ्यावर आत्म्याला हाक मारायचा विधी काही करू द्यायची नाही. हाक मारली की तो गेलाच, असं तिचं म्हणणं. नाही मारली तर बुडालेला माणूस थंड पाण्यात तसाच भटकणार, ही तिच्या मुलाची, बून-हावची धास्ती. त्याने विधीसाठी रविवार ठरवूनही टाकला होता.

त्या दुपारी तो तणतणतच आत आला.

"ताई, रिमोट कुठंय?"

"कसला रिमोट?"

"आईला रडवून गर्दी जमवताय. आम्हाला काय कळत नाही?"

यू-फांगलाही संशय होताच. आधी खाऱ्या हवेचा, मग टेबलाखाली वायरींना लागणाऱ्या मावशीच्या पायांचा, आणि आता या मुलाचाही.

"तुझी पुडी बघ आधी," पडद्यासमोर बसलेली मावशी यू-फांगला म्हणाली.

इथं प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी असते, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच हवी, आणि मुदतीतली. पडद्याच्या डोक्यावरची ही केव्हाच शिळी झाली होती.

"शिळं खाऊ घातलंस तर कोण ऐकेल गं तुझं?"

यू-फांग ओशाळली. पिशवीतून नवी पुडी काढून तिने ठेवली.

"झालं? बसलं यंत्र गप्प?" बून-हाव म्हणाला.

पडद्यावर समुद्र होता. मग चौथ्या बटणातला दिवा लागला. गाठ मारणारे हात दिसू लागले.

फिल्म संपली, तरी दिवा विझेना. यू-फांगने बटणांची फळी उघडली, त्या बटणाच्या सगळ्या वायरी काढल्या. दिवा विझला. पडद्यावर पुन्हा समुद्र.

"गंज असणार," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

मावशी पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे तो नव्हताच?"

बून-हाव तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "रविवारी करू या ना, आई."

मावशीची मान हलली. होकारार्थीच हलली असावी.

पडद्यावरचा समुद्र गेला. दोर आला. हात आले.

"रिमोट द्या!" बून-हाव ताडकन उठला. "द्या म्हणतो ना!"

यू-फांगने फळीतून बटण उपसलं आणि त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवलं. ना वायर, ना काही. नुसतं प्लास्टिक आणि स्प्रिंग.

"घे. काय आहे ते हेच."

बटण हळूच आत गेलं.

ते वर आलं नाही.

बून-हावला मूठ मिटवेना, हात मागेही घेववेना. फिल्ममधला माणूस लाजून हसला.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "बाबांचा अंगठा ओला आहे."