पाहणी अपूर्ण

नव्या ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना जुना ड्राइव्ह आधी काढून ठेवायचा, हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. एका बाईंचे लग्नाचे सगळे फोटो माझ्या हातून पुसले गेले, तेव्हा शिकलो. दोन्ही जोडलेले असले की स्क्रीनवर प्रत्येकाची एक अशा दोन ओळी दिसतात आणि घाईत बोट नको त्या ओळीवर पडतं. तेव्हापासून जुना काढतो, रबराच्या मॅटवर उताणा ठेवतो. मगच पुढचं.

परवा दुपारी ताई दुकानात आली. बाबांचा कॉम्प्युटर पोर कडेवर घ्यावं तसा धरून.

"चालूच होत नाही रे. आतून नुसती टकटक."

"ड्राइव्ह मेलाय. नवीन घालतो."

"काय हवं ते घाल. मला त्यातला बाबांचा आवाज पाहिजे. दुसरं काही नाही राहिलं माझ्याकडे."

बाबा इमारतींची पाहणी करायचे. जन्मभर रेकॉर्डर तोंडाशी धरून हिंडले. वेळ, जागा, दोष, शेवटी शेरा. घरात शिरतानाही हीच तऱ्हा. मला 'खुडबुड्या' म्हणायचे, आणि लाडानं नव्हे. दुकान काढलं तेव्हा म्हणाले, "स्क्रू फिरवतोस, त्यात बघायला काय यायचं?" अकरा वर्षं आले नाहीत. मीही 'गेले खड्ड्यात' म्हणून बोलावलं नाही. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. आवाजाची गरज ताईला होती. मला फक्त त्यांनी एकदा येऊन जायला हवं होतं. एवढंसं.

"बघतो," म्हटलं. ताई गेली.

जुना ड्राइव्ह तीनदा जोडून पाहिला. टकटक, मग तीही बंद. काढला, मॅटवर ठेवला. नव्याचं सील फोडलं, तो बसवला, मशीन चालू केलं. घड्याळात सव्वाचार.

'कुठे टाकायची?' या पडद्यावर दोन ओळी आल्या.

मी झाकण उघडून पाहिलं. आत एकच ड्राइव्ह, एकच वायर. बंद करून पुन्हा चालू केलं. तरी दोन ओळी. दुसरीचं माप जुन्या ड्राइव्हचं. असले चाळे मशीनं करतात, आपण त्यांना भाव द्यायचा नसतो. मी पहिली ओळ निवडली. टक्के सरकू लागले.

मॅटवरच्या ड्राइव्हला सहज हात लागला. कोमट होता.

पुढच्या पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव विचारतात. तिथे मी कायम नुसता 'अ' टाकतो. चौकोन आधीच भरलेला होता.

खुडबुड्या.

मी ते पुसलं, 'अ' टाकला. संताप आला. मेल्यावरही टोमणा.

नवा कोरा डेस्कटॉप उघडला. त्यावर एकच फाइल. आवाजाची. तारीख त्याच दिवसाची, वेळ सव्वाचार. मशीनला माइक नव्हता.

मी ती लावली.

आधी खोकला. बाबांचाच. मग तो कोरडा, सरकारी सूर.

"दुपारचे सव्वाचार. धाकट्याचं दुकान. पंख्याचं एक पातं वाकडं. उत्तरेच्या भिंतीला ओल. स्क्रू बशीत, मापानुसार वेगळे. काम नीटनेटकं."

काम नीटनेटकं. अकरा वर्षं या दोन शब्दांसाठी जळलो होतो मी.

"मुलगा पाठमोरा बसलाय. हाक मारली. वळला नाही."

थोडं थांबून, "पुन्हा मारली. वळला नाही."

मी फाइलची लांबी पाहिली. सोळा मिनिटं, अकरा सेकंद. बारा. तेरा.

फाइल अजून वाढत होती.

मी पट्टी शेवटापर्यंत ओढली. स्पीकरमधून माझ्याच पंख्याची घरघर आली. माझा श्वास आला. त्यामागे आणखी एक, दमेकऱ्याचा.

"बाबा?" मी म्हटलं आणि खुर्ची फिरवली.

गिऱ्हाइकाचं रिकामं स्टूल. दार. बाहेर ऊन.

पाठीमागे स्पीकर हळूच बोलला.

"वळला. पण भलतीकडेच बघतोय."