कपाळापर्यंतचा फोटो

"तुमच्या पत्रकातली वीज कुठं पडली म्हनायची?"

मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच तरुण उभा होता... केसांवर एस.टी.ची धूळ, हातात टेलिफोनचं बिल. सकाळपासूनचा तो सातवा. साताऱ्यातल्या या दुकानात मी घरगुती इंटरनेट विकायची, आणि त्याहून जास्त बोलणी खायची.

"काय झालं?" मी पाठ झालेल्या आवाजात विचारलं.

"मी वीरधवल. मेढ्यात टायपिंगचा वर्ग हाय माजा. भाऊ फौजेत, सध्या लेबनॉनला. त्यानं ईमेलनं फोटो धाडलाय. तर पडद्यावर टोपी उतरती, कपाळ उतरतं — आन् लाइन तुटती! पुन्हा पहिल्यापासनं टोपी. आईनं महिनाभर नुसतं लेकाचं कपाळ बघितलंय."

हसू आलं आणि तिथंच विरलं. 'विजेच्या वेगानं, लोकल कॉलच्या दरात' हे मीच लिहिलं होतं. मालक बाळासोंनी सांगितलं, मी लिहिलं. प्रत्यक्षात इंटरनेटसाठी फोन लागायचा पुण्याला, एसटीडीच्या म्हणजे परगावच्या महागड्या दरानं.

"ते खाली बारीक अक्षरात छापलंय," मी पुटपुटले.

"मग पत्रकासंगं भिंगबी द्यायचं की!" तो हसला. चिडलेल्या माणसाला इतकं छान हसता येऊ नये.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. तक्रार तीच, सोबत कधी पानात बांधलेली करवंदं. मी रागावल्यासारखं करायची... आणि बुधवारीच साडी काढून ठेवायची.

तशी मी दमलेच होते. दुकानात तेच, घरी स्थळांचंही तेच. 'पुण्यात नोकरी' म्हणजे नोकरी शोधतोय, 'शांत स्वभाव' म्हणजे आईपुढे तोंड उघडत नाही. सत्ताविसाव्या वर्षी माझा कुठल्याच जाहिरातीवर विश्वास उरला नव्हता.

"ग्राहक मंचात जातोय," एका गुरुवारी तो म्हणाला. "दुकानातल्या कुनी लिहून दिलं तर... पन तुमी न्हाई. तुमची नोकरी जाईल."

माझ्या पगारावर अर्धं घर चालायचं. सहा दिवस विचार केला. सातव्या दिवशी, लाइन मोकळी असते म्हणून, पहाटेच दुकान उघडलं. त्याचा पासवर्ड तक्रारीच्या अर्जात होताच. तिसऱ्या खेपेला फोटो पूर्ण उतरला. तो फ्लॉपीवर घेतला. मग कागद ओढला आणि लिहिलं, 'एसटीडीचं ग्राहकांना सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.' खाली सही केली — चारुशीला.

वीरधवल आला तेव्हा फ्लॉपी आणि कागद त्याच्या हातात ठेवले. त्यानं कागद दोनदा वाचला.

"काही बोलू नका," मी म्हटलं. "खोटं बोलून बोलून दमलेय हो मी."

आठवड्यात नोकरी गेली. पुढच्या गुरुवारी तो थेट आमच्या घरी आला, सोबत आई अंबूबाई. बाबांसमोर ताठ बसला.

"जसं हाय तसं सांगतो. घर मेढ्यात, पावसाळ्यात चार महिने ओल. फोन त्यातले दोन महिने बंद. वर्गाला पोरं बारा, फी देनारी सात. आई तापट. पन चारुशीलाबाई मला... लय आवडत्यात."

बाबा माझ्याकडे पाहू लागले. माझे कान तापले.

"बारीक अक्षरातलं काही?" मी विचारलं.

तो आईकडे बघू लागला. अंबूबाईच बोलल्या, "सांग की रं! पोरी, तुज्याकडं पयली तक्रार केली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात फोटू आलाय सगळा. तरी ह्यो दर गुरवारी तक्रारीला पळतोय."

"मग फ्लॉपी का घेतलीत?"

"तुमी पहाटे उठून काढला हुता," तो खाली बघत म्हणाला. "परत कसा देऊ?"

राग यायला हवा होता. पण कित्येक महिन्यांनी मी पोटभर हसले... मग आत जाऊन आईला सांगितलं, पाहुणे आज जेवूनच जातील.