राणीचा प्रवेश, दुपारी दीड वाजता

चष्म्याची दांडी तुटली म्हणून तो आमच्या दुकानात आला आणि हातातलं पुस्तक त्याने काउंटरवर ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक. तेच पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं, आत्याची नजर चुकवून…

“सरांच्या वाचनवर्गाची प्रवेशपरीक्षा देताय?” त्याने डोळे किलकिले करत विचारलं.

“दुसऱ्यांदा. गेल्या वर्षी सरांनी विचारलं, राजा इथे काय करतोय? मी म्हटलं, हुकूम सोडतोय.”

“मग?”

“माफी मागत होता बिचारा.”

तो हसला, नुसत्या खांद्यांनी.

परीक्षा जोडीने द्यायची. एक प्रसंग पुस्तक मिटून म्हणायचा आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. एक अडला की दोघंही बाहेर. आणि दोनदा बाहेर पडलेल्याला सर पुन्हा बसू देत नाहीत.

तरीही त्याने माझ्याशी जोडी जमवली. दप्तरखान्यात जुनी इंग्रजी पत्रं लावायची त्याची नोकरी, ती भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली. रोज दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत तो यायचा. मी राणी, तो हद्दपार सरदार.

“शब्दांमागे धावू नका,” तो म्हणायचा. “कोण कुणाकडे काय मागतंय, ते आधी बघा.”

मग हळूहळू… गुंतलेली वेणी सुटावी तसं एकेक वाक्य सुटत जायचं.

“चष्मा तर कधीच नीट झाला,” एकदा आत्या चहा ठेवत म्हणाली. “आता हा रोज येतो, ते दांडीने कानाचं दुखणं लागलं म्हणून का?”

“कानाचं नाही, आत्या,” तो म्हणाला, आणि पान उलटायचं विसरला.

परीक्षेच्या दिवशी राणी कुठेही अडखळली नाही. सरदाराची पाळी आली आणि — तो नुसता चष्मा पुसत राहिला. कानाच्या पाळ्या लाल.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“माझा भाग पाठ नाही, सर.”

“महिनाभर काय करत होतात?”

“यांचा पाठ केला.”

म्हणजे आता दोघंही बाहेर, आणि मी कायमची. पण त्याच्या ओळी मला येत होत्या. आपल्या वाक्याआधी रोज ज्याच्या आवाजाची वाट बघायची, त्याचं बोलणं आपसूकच तोंडी बसतं. मी कुजबुजत गेले, तो बोलत गेला. अर्थ तर त्याने असा सांगितला, की सर टेकून बसले होते ते पुढे सरकले.

“नाटकात पडद्याआडून ओळी सांगणारं माणूस असतंच,” ते शेवटी म्हणाले. “शनिवारपासून या. दोघंही.”

जिन्यात आल्यावर मी वळून त्याच्याकडे बघितलं.

“रागावलात?” त्याने विचारलं.

“घाम फुटला होता मला. माझा भाग कशाला पाठ केलात?”

“घरी गेल्यावरही… आवाज ऐकू यावा म्हणून.”

“कुणाचा?”

तो पायरीवर थांबला. “तुमचा. आता पुढचं विचारू नका, एवढंच धैर्य होतं.”

“माझ्याकडे आहे अजून थोडं,” मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.